जायफळावरचा चुना

किराण्याच्या दुकानात बरणीतलं जायफळ उचललं की कधीकधी बोटांना पांढरी भुकटी लागते. कुणाला ती धूळ वाटते, कुणाला बुरशी. बहुतेक वेळा तो चुना असतो. सोललेलं जायफळ चुन्याच्या दाट पाण्यात बुडवून सुकवायचं ही रीत रुजवली वलंदेजांनी, म्हणजे आपल्या बखरींत ज्यांना त्या नावाने ओळखतात त्या डचांनी. आजच्या इंडोनेशियातल्या मोलुक्का द्वीपसमूहातल्या बांडा बेटांवर प्रवाळ आणि शिंपले भाजून चुना तयार व्हायचा आणि जहाजात चढण्याआधी जायफळं त्यात बुडवली जायची. कारणं दोन सांगितली जात: कीड लागू नये, आणि बी रुजू नये. दुसरं कारण खरं तर फुकाचं. मंद धुरावर सहा-आठ आठवडे वाळलेलं बी तसंही रुजत नाही. पण सगळ्या जगाचं जायफळ आपल्याच मक्त्यात ठेवायचं असेल, तर एक दाणासुद्धा दुसऱ्या कुणाच्या मातीत पडण्याची धास्ती असतेच.

बाजारात मिळणारं जायफळ घेण्यासारखं आहे का, कोणत्या रूपात आणि कुठलं, हे इथे पाहायचं आहे. इतिहास अधूनमधून येईल, कारण दुकानात दिसणाऱ्या निम्म्या गोष्टींचा उलगडा त्याच्याशिवाय होत नाही.

आधी चुना लावलेलं, सोललेलं जायफळ. चुन्याने चव बिघडत नाही, पण तो दोष झाकतो. किडीने पाडलेलं टाचणीएवढं छिद्र चुन्याच्या लेपाखाली बुजून जातं, आणि कधी जायफळाचीच पूड चुन्यात कालवून ते मुद्दाम बुजवलेलंही असतं. म्हणून असं जायफळ घेतलंच, तर कोरड्या ब्रशने घासून छिद्रं पाहा. धुऊ नका. ओलावा आत गेला की आठवडाभरात खरोखरची बुरशी धरते. मग नखाने एक ओरखडा काढा. चांगल्या जायफळावर तेलकट, गडद रेघ उमटते. टाचणी टोचून काढली तर टोकाभोवती तेलाचा बारीक मणी दिसतो. चिरलं की आत फिकट गरात तपकिरी शिरांची संगमरवरी नक्षी दिसायला हवी. तेल त्या शिरांतच असतं. शिरा पुसट आणि गर खडूसारखा असेल, तर तेल आधीच काढून घेतलेला माल तुमच्या गळ्यात पडलाय.

आकारावर भाव ठरतो आणि त्याची मापं अजून जुन्याच व्यापाराची आहेत. घाऊक बाजारात ‘८० चं’ आणि ‘११० चं’ जायफळ असतं, म्हणजे एका पौंडात तेवढे दाणे. ८० च्या मालात एक दाणा साडेपाच-पावणेसहा ग्रॅमचा भरतो, ११० च्या मालात चार ग्रॅमच्या आसपास. त्याखाली सुरकुतलेलं, आणि सगळ्यात तळाला तुटकं, किडकं, पोकळ. हा तळाचा माल तेल काढायला किंवा पूड करायला जातो. घरच्या वापराला ११० चं पुरे. मोठा दाणा दिसायला देखणा एवढंच, वास त्याच्या प्रमाणात वाढत नाही.

पुड्यांवर ‘बांडा’ हे नाव अलीकडे ठसठशीत छापलेलं असतं. भेट द्यायच्या मसाल्यांच्या पेट्यांत तर हमखास. नाव खोटं असेलच असं नाही. जायफळाचं झाड मूळचं तिथलंच. अंबोनच्या आग्नेयेला समुद्रात साधारण २०० किलोमीटरवर दहा-अकरा इवलीशी बेटं, मध्ये गुनुंग आपी हा जिवंत ज्वालामुखी. सोळाव्या शतकाच्या अखेरीस वलंदेज तिथे आले तेव्हा जगात व्यापाराचं जायफळ यायचं ते याच बेटांवरून. बांडाच्या जायफळात मिरिस्टिसिन हा तेलातला घटक जास्त असतो, त्यामुळे ते वेस्ट इंडीजमधल्या ग्रेनाडा बेटावरच्या मालापेक्षा तिखट आणि उष्ण लागतं. ग्रेनाडाचं सौम्य, जरा सपाट. दोन्हींचा कीस शेजारी शेजारी ठेवून हुंगला की फरक कळायला तज्ज्ञ लागत नाही.

मालाबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती पेटीवरच्या मजकुराची. शिडाचं गलबत, जुना नकाशा, ‘डच व्यापाऱ्यांचा वारसा’ अशा अर्थाच्या दोन ओळी. वारसा कसला? जातीफल हे नाव आपल्या आयुर्वेदाच्या जुन्या संहितांत आहे, विड्यातही ते पडत होतं. ज्या लोकांच्या परसात हे झाड होतं ते जावा, मलाया, अरबस्तानच्या व्यापाऱ्यांना ते शतकानुशतकं विकत आले होते. डचांनी जायफळ शोधलं नाही. ते पिकवणारे लोक त्यांनी संपवले.

हे कसं घडलं ते जरा थांबून पाहायला हवं, कारण ‘युद्ध झालं’ म्हटलं की सगळं गुळगुळीत होतं. बांडात राजा नव्हता. गावोगावचे ओरांग काया, म्हणजे पंचांसारखे मातब्बर लोक, एकत्र बसून ठरवायचे. बेटांवर भात पिकत नाही. तांदूळ जावाहून, साबुदाण्यासारखा सागो आजूबाजूच्या बेटांवरून आणि कापड थेट हिंदुस्थानातून यायचं. १५९९ मध्ये डच जहाजं आली, १६०२ मध्ये करार झाला: जायफळ फक्त आम्हालाच विकायचं. त्या बदल्यात डचांकडे सुरुवातीला होतं काय, तर विषुववृत्ताजवळच्या माणसाला नकोसं झालेलं जाड लोकरी कापड, आणि तेही चढ्या भावाने. तांदूळ पुरेसा नाहीच. मग बांडाचे लोक जुन्या गिऱ्हाइकांना, आणि नव्याने आलेल्या इंग्रजांना, माल देत राहिले. दुसरं करणार काय, करार चावून पोट भरत नाही. डच कागदपत्रांत याला ‘करारभंग’ म्हटलंय, आणि पुढच्या सगळ्या गोष्टींना कायदेशीर आधार म्हणून हाच शब्द वापरला आहे. डच ईस्ट इंडिया कंपनीला आपली चूक पुढे बरोबर उमगली. कोरोमंडल किनारा आणि सुरत इथलं कापड विकत घेऊन त्याच्या बदल्यात मसाले घ्यायचे, हा तिच्या आशियातल्या धंद्याचा कणा झाला.

१६०९ मध्ये अ‍ॅडमिरल व्हेरहूफ सैन्य घेऊन आला आणि बांडा नैरा या बेटावर पोर्तुगीजांनी अर्धवट सोडलेल्या पायावर नासाव किल्ला उभारू लागला. बांडाच्या लोकांनी बोलणीसाठी बोलावून त्याला आणि त्याच्या माणसांना मारलं. हे लपवायचं कारण नाही. त्या आरमारात यान पीटरझोन कून नावाचा एक धाकटा व्यापारी होता. बारा वर्षांनी तो गव्हर्नर जनरल म्हणून परत आला: १३ मोठी जहाजं, दीड हजारांवर सैनिक, शंभराच्या आत-बाहेर भाडोत्री जपानी. मार्च १६२१ मध्ये लोंथोर हे मोठं बेट पडलं. शस्त्रं ठेवायचा, तटबंद्या पाडायचा तह झाला. पण काही आठवड्यांतच कटाचा संशय काढून ओरांग काया पकडले गेले, छळ करून कबुलीजबाब घेतले गेले, आणि ८ मे १६२१ रोजी नासाव किल्ल्याबाहेर बांबूच्या कुंपणात ४४ जणांना जपानी तलवारींनी तोडलं. तिथे हजर असलेल्या एका डच अधिकाऱ्याने हे लिहून ठेवलं आहे. मारले जाणाऱ्यांपैकी एकाने, तेही डच भाषेत, तुमच्याकडे दया नाही का असं विचारलं, आणि त्याला उत्तर मिळालं नाही, हेसुद्धा त्याच लिखाणात आहे. आपल्याच लोकांनी हे केलं याची शिसारी त्या माणसाला लपवता आलेली नाही.

बेटांची लोकसंख्या आधी साधारण १५,००० असावी असा अंदाज आहे. नंतर उरले हजारभर. सगळेच तलवारीने गेले नाहीत. डोंगरात कोंडलेले उपासमारीने आणि रोगराईने गेले, आठशेच्या आसपास बायका-मुलं-म्हातारे गुलाम म्हणून बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला, नेले गेले. काही होड्यांतून केई बेटांवर पळाले. त्यांच्या वंशजांची बांडा एली आणि बांडा एलात ही गावं आजही तिथे आहेत आणि बांडाची मूळ भाषा त्याच दोन गावांत बोलली जाते. खुद्द बांडात ती आता ऐकू येत नाही. ॲम्स्टरडॅमच्या संचालकांनी कूनला, हे जरा सबुरीने करता आलं असतं, अशी समज दिली आणि वर ३,००० गिल्डरचं बक्षीसही दिलं.

माणसं गेली, पण झाडं होती, आणि ती जोपासायला हात हवेत. कंपनीने झाडीचे ६८ तुकडे पाडले. या एकेका तुकड्याला पेर्क म्हणतात. ते आपल्याच जुन्या नोकरांना दिले, प्रत्येकी पंचवीसच्या आसपास गुलाम पुरवले. हे पेर्केनियर मालक म्हणावेत तर तेही मक्त्यात अडकलेले, कारण माल फक्त कंपनीलाच, कंपनीच्याच भावाने. एका प्रचलित हिशोबानुसार तो भाव हॉलंडमधल्या विक्रीच्या १२२ वा हिस्सा होता. गुलाम आणले गेले जावा, बाली, तिमोर, न्यू गिनी अशा चहूकडून. कंपनीच्या जहाजांतून त्या काळात बंगाल आणि कोरोमंडलची माणसंही पूर्वेकडे विकली जात होती. आणि जायफळाची निगा कशी राखायची हे या नवख्यांना शिकवलं कुणी? जिवंत ठेवलेल्या थोड्या बांडावासीयांनी.

हे काम नाजूक आहे, त्यामुळे हा तपशील महत्त्वाचा. जायफळात नर झाड वेगळं, मादी वेगळं, आणि कोणतं कोणतं हे सहा-सात वर्षांनी फूल आल्याशिवाय कळत नाही. दहा माद्यांमागे एक नर पुरतो. ऊन सोसत नाही म्हणून वर केनारीच्या उंच झाडांची सावली लागते. फळ तडकलं की लांब बांबूच्या टोकाला टोपली लावलेल्या काठीने, तिला तिथे गाई-गाई म्हणतात, अलगद तोडायचं. खाली पडू दिलं की ओलसर जमिनीवर काही तासांतच ते खराब होऊ लागतं. मग टरफलावरची लाल जायपत्री न तुटता सोडवायची, चपटी करून उन्हात टाकायची, आणि बी बांबूच्या जाळीवर, खाली मंद धूर करून, मधूनमधून परतत राहायचं. इतकी बारीक विद्या ज्यांच्याकडे होती त्यांनाच डच पत्रांत आळशी आणि बेभरवशाचे म्हटलेलं आहे.

मक्ता टिकवायचा म्हणून बांडाबाहेरची झाडं शोधून शोधून तोडली गेली. लवंगेच्या बाबतीत तर होड्यांचे ताफे दरसाल फिरून हेच काम करत, आणि त्या होड्या वल्हवायला माणसं द्यायची सक्ती तिथल्याच गावांवर. भाव पडू नये म्हणून ॲम्स्टरडॅमच्या वखारींतलं जायफळ जाळल्याचीही नोंद आहे. सगळा डाव उधळला तो कबुतरांनी. मोठी रानकबुतरं जायपत्रीसाठी फळ गिळतात आणि बी दुसऱ्या बेटावर टाकतात. पुढे फ्रेंचांनी रोपं पळवून मॉरिशसला नेली, १७९६ नंतर बांडा हातात असताना इंग्रजांनी ती पेनांग, सिलोनला पोचवली. केरळातल्या जायफळाचा उगमही इंग्रजांच्या याच खटाटोपात आहे.

बांडातल्याच रून बेटाची गोष्ट विक्रेत्यांना फार आवडते: ‘ज्याच्या बदल्यात मॅनहॅटन दिलं ते बेट’. १६६७ च्या ब्रेडा तहात इंग्रजांनी रूनवरचा हक्क सोडला आणि डचांनी मॅनहॅटनवरचा, एवढं खरं. पण ही अदलाबदल नफ्यातोट्याची गंमत म्हणून सांगताना दोन गोष्टी गळतात. इंग्रजांना सुख लागू नये म्हणून डचांनी रूनवरची जायफळं त्याआधीच तोडून टाकली होती. आणि मॅनहॅटनसुद्धा रिकामं नव्हतं. तिथल्या लेनापे लोकांपैकी शंभरावर माणसं फेब्रुवारी १६४३ मधल्या एका रात्री डच गव्हर्नर किफ्टच्या सैनिकांनी हडसन नदीच्या पलीकडच्या काठावर आणि बेटावर कापली होती. ज्यांची जमीन होती त्यांना दोन्ही टोकांना कुणी विचारलं नाही. पेटीवर जागा नसेल तर निदान ही गोष्ट तरी छापू नये.

आता जायपत्री. ताजी लालभडक, वाळल्यावर केशरी-पिवळी. किलोभर जायफळामागे ती जेमतेम दीड-दोनशे ग्रॅम निघते, म्हणून महाग, आणि म्हणूनच भेसळ तिच्यात सर्वात जास्त. भेसळीचं नाव आपल्याला शोभा देणारं नाही: युरोपच्या मसाला बाजारात तिला ‘बॉम्बे मेस’ म्हणतात. म्हणजे आपली रामपत्री, सह्याद्रीतल्या वेगळ्या झाडाची. लांबट, काळपट लाल, टोकाला बारीक दोऱ्यांचा गुंता आणि वास जवळजवळ नाही. खरी जायपत्री रुंद पट्ट्यांची, बोटात मोडताना कडक आवाज करणारी, नखाने दाबली की तेलकट. बिर्याणीत किंवा मटणाच्या वाटणात रामपत्री गेली तर रंग येईल, बाकी काही नाही. जायपत्री अख्खीच घ्या.

पूड घेऊच नका. उघडल्यावर तीन-चार महिन्यांत वास उडतो आणि तळाचा माल त्यात सहज खपतो. शिवाय अफ्लाटॉक्सिन या विषाचा धोका, तो अर्धवट वाळलेल्या बियांवरच्या बुरशीतून येतो. युरोपीय संघाची जायफळासाठी मर्यादा किलोमागे एकूण १० मायक्रोग्रॅम आहे आणि इंडोनेशियाचा माल याच कारणाने अधूनमधून अडतो. यात दोष शेतकऱ्याच्या माथी मारणं सोपं आहे. पावसाळ्यात छोट्या बेटांवर वाळवायची सोय नसते, दलाल ओलसर माल कमी भावात उचलतो आणि वाळवण्याची मेहनत कुणीच घेत नाही. सक्तीचा मक्ता १८६४ मध्ये संपला, पण पिकवणाऱ्याला भाव ठरवता येत नाही ही गोष्ट बऱ्याच ठिकाणी तशीच आहे.

नेदरलँड्समध्ये आज फ्लॉवरवर, बटाट्याच्या लगद्यावर, मसाल्याच्या बिस्किटांत जायफळ रोज किसलं जातं. कूनचा पुतळा त्याच्या होर्न गावात १८९३ पासून उभा आहे. वाद वाढल्यावर २०१२ मध्ये खालच्या पाटीवर त्याच्या क्रौर्याचा उल्लेख आला, पुतळा जागच्या जागी. २००६ मध्ये पंतप्रधान बाल्केनेंडे संसदेत कंपनीच्या धडाडीच्या वृत्तीचं कौतुक करून बसले होते. डिसेंबर २०२२ मध्ये पंतप्रधान रुटे यांनी आणि जुलै २०२३ मध्ये राजाने गुलामगिरीबद्दल माफी मागितली. बांडा नैरावर परिगी रांते नावाची विहीर आहे, १६२१ च्या बळींचं स्मारक तिथे आहे. १९३६ ते १९४२ अशी सहा वर्षं हट्टा आणि शहरीर या इंडोनेशियाच्या दोन पुढाऱ्यांना डचांनी याच बेटावर स्थानबद्ध ठेवलं होतं. आता शेजारची दोन बेटं त्यांच्या नावाने ओळखली जातात.

मग घ्यायचं कुठलं? श्रीखंड, बासुंदी, पुरणासाठी कोकणातलं किंवा केरळातलं कवचासकट जायफळ सर्वात फायद्याचं. नारळ-पोफळीच्या सावलीत ते छान येतं, दापोलीच्या कृषी विद्यापीठाने कोकण सुगंधा, कोकण स्वाद, कोकण श्रीमंती असे वाण दिले आहेत, आणि थेट बागायतदाराकडून घेतलं तर चुन्याचा प्रश्नच नाही. वजनातला चौथा-तिसरा हिस्सा कवचाचा जातो हे धरून भाव करा. बांडाचं जायफळ नुसत्या वासासाठी, एखाद-दुसरा दाणा, चोख मिळालं तर जरूर. भेटपेटीतलं नको: दोन दाणे आणि एक खोटी गोष्ट यांना तेवढे पैसे फार झाले.

एक किलो चक्क्याला पाव जायफळ पुरतं, बारीक किसणीवर, आणि साखर विरघळल्यावर शेवटी. गरम बासुंदीत घालायचं तर गॅस बंद करून. मोठ्या माणसाच्या पोटातसुद्धा एका वेळी एक अख्खं जायफळ गेलं तर घसा कोरडा पडणं, छातीत धडधड, भ्रम अशी विषबाधेची लक्षणं दिसतात. बाळाच्या गुटीत सहाणेवर एखाद-दुसरा वेढा देतात, तोही डॉक्टरांना विचारूनच. घराला वर्षाला पाच-सहा दाणे खूप झाले. ते कवचासकट काचेच्या बरणीत, ओल आणि उन्हापासून दूर ठेवले की दोन-तीन वर्षं वास जात नाही, फोडायचं ते त्या दिवशी लागेल तेवढंच. विकत घेताना प्रत्येक दाणा कानाशी धरून हलवा. आत बी खुळखुळलं नाही तर ते अजून ओलं आहे, परत बरणीत टाका.